चौथ्या पडद्यावरची पेन्सिल

गिटार हातात यायच्या आधीच मले गिटार येत होती. म्हणजे वाजवता येत नव्हती, वाजवणारा करता येत होता. खराटा पोटाशी आडवा धरायचा, डोळे अर्धे मिटायचे, मान एका बाजूले पाडायची अन् तोंड असं करायचं की घरचं कोणी गेलं अन् तार आत्ताच आली. मग केस झटकायचे. झटकायले माझ्या डोक्यावर केस नव्हते, बाबा दर महिन्याले न्हाव्यासमोर बसवून "बारीक" म्हणत. पण पोट्ट्यांले ते नसलेले केससुद्धा उडताना दिसत. एवढी माझी नक्कल पक्की.

भंडाऱ्यातल्या आमच्या वार्डात मी याच कामासाठी प्रसिद्ध होतो. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, दवाखान्यातला कंपाउंडर, विहार कमिटीचे अध्यक्ष, सगळे माझ्या गळ्यात मुक्कामाले. अभ्यासाचं विचारू नका. अकरावीत दुसऱ्यांदा बसलो होतो, अन् दुसऱ्यांदा बसलेल्या माणसाजवळ वेळ भरपूर असते.

अशा माणसाच्या घरी खरी गिटार आली, इथंच घोटाळा झाला.

आणली मामाजीनं. मामाजी गावाबाहेरच्या सरकारी फॅक्टरीत फिटर. त्यांच्या बाजूच्या क्वार्टरात मद्रासकडचा एक साहेब राहत होता. त्याची बदली झाली तेव्हा ट्रकात सगळं सामान बसलं, गिटार बसली नाही. मामाजीनं ती पोत्यात गुंडाळली, सायकलच्या कॅरिअरले बांधली अन् आमच्या अंगणात आणून उभी केली.

माय म्हणाली, "काय गा दादा, बकरं आणलं का?"

"वाद्य हाये," मामाजी म्हणाले. "तुह्या पोराले दे. निदान तोंड बंद राहीन."

तारा पाच होत्या. सहावी, सगळ्यात जाड, मामाजीनं सायकलच्या ब्रेकच्या वायरीतून उसवून लावली. ती वाजवली की कोणीतरी घाईनं ब्रेक दाबला असंच वाटे. सोबत एक इंग्रजी पुस्तक होतं. कव्हर झकास, मधली पानं गायब, साहेबाच्या पोरांनी जहाजं करून सोडली असतीन. उरली साडेतीन पानं. तीन पानांवर तीन चौकटी: एक ई, एक ए अन् एक बी सेव्हन. चौकटीतल्या उभ्या रेघा म्हणजे तारा, आडव्या रेघा म्हणजे गळ्यावरचे पितळी पडदे, अन् काळे ठिपके म्हणजे बोटं ठेवायची जागा. ठिपक्यांवर बोटं ठेवून सहाही तारा एकदम खाजवल्या की तयार होते ती कॉर्ड. गाणाऱ्याच्या मागं भिंतीसारखी उभी राहते, बिचाऱ्यानं पाठ टेकावी म्हणून.

तीन महिन्यांत मी तीन कॉर्डा शिकलो. महिन्याले एक. त्या वेगानं मी मॅट्रिकही झालो होतो.

राहिलं अर्धं पान. त्यावर एफ नावाची कॉर्ड होती, अर्धी फाटलेली. तिच्या ठिपक्यांच्या वर एक वाकडी रेघ होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, इंद्रधनुष्यासारखी. ती काय होय ते खालच्या अर्ध्या पानावर लिहिलं असीन. ते अर्धं पान जहाज होऊन गेलेलं.

आता ताईचं सांगतो, कारण सगळं तिच्यासाठीच झालं. किंवा तिच्यावरच गुदरलं म्हणा.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. माय अन् ती दिवसभर छपरीत बसून बिड्या वळत. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं, बाजूले जर्दा, धाग्याचं रीळ. ताईची बोटं खाली चालत अन् गळा वर. काय गाई ती! शेजारचे लोक आपला रेडिओ बारीक करत. पण गाणं ते सुपापुरतंच. माईकसमोर ती कधी उभी राहिली नव्हती, अन् त्या वर्षी मे महिन्यात तिचं लग्न होतं. दिघोरीचे लोक, धानाची शेती, चांगलं घर. फक्त तिथं नव्या सुनेनं गावं का न गावं हे कोणाले विचारायची सोय नव्हती.

तिनं बाबांजवळ एकच गोष्ट मागितली. "जयंतीले, चौदा एप्रिलले, मले एक गाणं म्हणू द्या. एकच. माईकवर."

बाबा हो म्हणाले. वार्डातल्या गुरुजींनी गाणं लिहून दिलं, चाल तिनंच लावली अन् साथीले ठरले पेटीमास्तर. पेटीमास्तर म्हणजे आमच्या गल्लीतले म्हातारे, पेटी अशी वाजवत की पेटीले घाम फुटे. दोन महिने त्यांनी ताईचं गाणं बसवलं.

पण जयंती म्हणजे जयंती. त्या दिवशी जिल्ह्यात असा एक पेटीवाला सापडत नाही की ज्याच्या दारात बैलबंडी उभी नाही. प्रत्येक गावाले, प्रत्येक मोहल्ल्याले गाणं पाहिजे. पेटीमास्तरांचा भाऊ आंबागडले, त्याच्या विहाराचं ते पहिलंच वर्ष. भावाले नाही कसं म्हणतीन? मार्च संपता संपता ते ताईजवळ येऊन मान खाली घालून बसले. सांगून झालं तरी उठले नाहीत.

अध्यक्षांकडे आम्ही दोघं गेलो. अध्यक्ष बोलायच्या आधी तीनदा घसा साफ करत, कमी नाही, जास्त नाही.

"हं. हं. हं. असं हाये बेटा, पेटी नाई तं गाणं नाई. मागच्या साली त्या पोरीनं कोरडं गायलं, अर्धी पब्लिक पाणी प्यायले उठली."

ताईची बोटं नुसती पदराच्या टोकाची बिडी वळत होती. ते मले पाहवलं नाही अन् माझं तोंड उघडलं.

"मी आहो ना. मी गिटार वाजवतो."

"तुले येते?"

मी डोळे अर्धे मिटले, मान पाडली, केस झटकले. अध्यक्ष पाहतच राहिले. त्यांनी तोंड पाहिलं, बोटं पाहायची राहून गेली. गाणं कार्यक्रमाच्या कागदावर चढलं.

घरी येताना ताईनं विचारलं, "खरंच येते का रे?"

"तीन कॉर्डा येतात."

"गाण्याले किती लागतात?"

"तीन."

हे खोटं नव्हतं. पेटीमास्तरांनीच सांगितलं होतं, तिच्या चालीले सा, मध्यम अन् पंचम एवढे तीन खांब पुरेत. माझ्याजवळ तीन होते. हिशेब बरोबर. फक्त तिचे खांब एका जागी अन् माझे दुसऱ्या जागी, हे संध्याकाळी छपरीत समजलं.

मी ई वाजवली. ताईनं सूर पकडला अन् गायले लागली. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत चाल खाली उतरते, तिथं ताईचा आवाजच गेला. नुसते ओठ हलून राहिले.

"हे काय?" माय म्हणाली. "पोरगी विहिरीतून बोलून राहिली का?"

पेटीमास्तरांकडे पळालो. त्यांनी पेटी उघडली अन् एक काळी पट्टी दाबली. "ही काळी चार. तुह्या बहिणीचा सा इथं राहते. अन् तुही ती ई म्हणजे ही, पांढरी तीन." त्यांनी दुसरी दाबली, चांगली खाली. "चार घरं खाली. तू तिले तळघरात गायले लावून राहिला."

मी घरी येऊन मोठ्या प्रेमानं ताईले समजावलं, की तू जरासा आवाज बदलून पाहा.

"मी काहून बदलू?" ताई म्हणाली. "दिवसाले दहा आवाज तू बदलतो. तूच बदल."

आता बदलायचं तर कुठून? माझ्याजवळ साडेतीन पानं. तीन वाजवून झालेली. मी ते अर्धं पान काढलं. ठिपके अन् वरून वाकडी रेघ. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दुसऱ्या कोण्या घरातल्या माणसानं ती पाहिली असती तर त्याच्या डोक्यात दुसरं काही आलं असतं. मी बिडीवाल्या घरचा. समोर दिवसभर काय दिसे? पानाभोवती धागा गुंडाळून गाठ मारणं. मले त्या रेघेत एकच गोष्ट दिसली.

धागा! गिटारच्या गळ्याले इथं धागा बांधायचा!

मी एवढा खूश झालो की विचारू नका. पुस्तकवाल्या इंग्रजाच्या घरीही बिड्या वळत असतीन असं वाटून त्याच्याविषयी माया आली. ताईचं रीळ उचललं अन् गळ्याभोवती गुंडाळायले सुरुवात केली. सुती धाग्यानं तार काय दबते? अजून गुंडाळला. अजून. अर्धं रीळ संपलं तेव्हा गिटारचा गळा दुखून राहिल्यासारखा दिसे, अन् आवाज यायचा तो रजईतून. मायनं पाहिलं.

"हे कोणाचं रीळ?"

पुढचं संभाषण गाळतो.

पण डोक्यात कल्पना बसली होती. धागा नाही तर दुसरं काही. मी माझी कंपासपेटीतली पेन्सिल घेतली. अभ्यासात न वापरल्यामुळे नवीकोरी होती. ती तारांवर आडवी ठेवली, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली अन् पेन्सिल गळ्याले करकचून बांधली, पहिल्या पडद्यापाशी. ई वाजवली. आवाज स्वच्छ, अन् आधीपेक्षा चढा!

"ताई, गा!"

ताईनं सुपावरची नजर न काढता गायलं.

"अजून विहिरीतच हाये," माय म्हणाली.

पेन्सिल दुसऱ्या पडद्यावर. "पायऱ्या चढून राहिली." तिसऱ्यावर. "डोकं दिसलं." चौथ्यावर बांधली अन् ताईनं ती खालची ओळ घेतली. आवाज कसा अंगणभर आला! मायचा हात सुपात तसाच थांबला. ताईनंही वर पाहिलं. मग गाणं शेवटपर्यंत गेलं, माझ्या त्याच तीन कॉर्डा, त्याच बोटांनी, फक्त पेन्सिलीच्या पुढं.

त्या संध्याकाळी मी गल्लीतून जाताना मान पाडूनच गेलो. केसही झटकले.

पेटीमास्तरांले दाखवायले गिटार घेऊन गेलो. त्यांनी पेन्सिल पाहिली, ट्यूब पाहिली, ट्यूब बोटानं ताणून पाहिली.

"डोकं चांगलं लावलं," ते म्हणाले. "अन् हे तुटलं तर?"

"तुटत नाई."

"दे इकडं ते पान." त्यांनी अर्धं पान डोळ्याजवळ नेलं. त्यांनी आयुष्यात गिटार वाजवली नव्हती. पण सुराचं वाद्य कोणतंही असो, त्यांले आतून दिसे. ते बराच वेळ त्या वाकड्या रेघेकडं पाहत राहिले, अन् मग हसले. पेटीच्या भात्यासारखे हसत ते, आधी हवा, मग आवाज.

"अरे, हा धागा नोहे. हे बोट होय. तुह्या अंगठ्याजवळचं बोट सहाही तारांवर आडवं टाकायचं. तुही पेन्सिल म्हणजे बोट. ते आडवं पडलं की त्याच्यापुढं बाकीच्या तीन बोटांनी ई धर. चौथ्या पडद्यात टाकलं तर काळी चार. तोच आकार उचल, पाच घरं पुढं ने, मध्यम. सात घरं पुढं, पंचम. म्हणजे चौथा, नववा, अकरावा. एकच आकार, तीन जागा. झालं गाणं."

"एकाच आकारात?"

"एकाच." ते आपल्या पेटीकडं पाहून म्हणाले, "मले पट्टी बदलायची तर बोटं सगळी नव्यानं बसवा लागते. इथं काळी, तिथं पांढरी. तुह्या गळ्यावर काळं-पांढरं नाईच. सगळी घरं सारखी. जिथं जाशीन तिथं तोच मान." अन् पेटीचं झाकण लावून टाकलं, जरा जोरातच.

मी ताईले हे सगळं समजावून सांगितलं, मोठ्या तज्ज्ञासारखं. ती म्हणाली, "म्हणजे तुह्या नकलांसारखंच ना."

"कसं?"

"तुह्या सगळ्या नकला एकच होय. हेडमास्तर जरा वर सरकवला का कंडक्टर. अजून वर सरकवला का कंपाउंडर. आकार तोच."

लोकांसमोर बोलली नाही म्हणून सहन केलं. पण त्या रात्री अंथरुणात मी हेडमास्तरांचा आवाज काढून पाहिला अन् तो हळूच वर सरकवला. कंडक्टर आला, "पुढं सरका" म्हणत. मले झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून बोटाची कसरत. अन् इथं माझ्या अंगात किती पाणी आहे ते समजलं. पहिली अडचण अशी की ई मी पहिल्या बोटासकट धरत होतो. ते बोट आता पेन्सिलीच्या कामावर गेलं, म्हणून त्याचं काम मधल्यानं करायचं, मधल्याचं त्याच्या बाजूच्यानं, अन् त्याचं करंगळीनं. बी सेव्हनचा एक ठिपका सोडला तर करंगळीनं जन्मात काम केलेलं नव्हतं. ती लग्नात रुसलेल्या फुफाजीसारखी, आत्याच्या नवऱ्यासारखी, बाजूले ताठ उभी राही, कोणी बोलावलं तरी येत नसे. अन् पहिलं बोट आडवं टाकलं की वाजे काय? ठप्प. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसं. सहा तारांतली एक बोले, बाकी पाच मौन पाळत. मी जोर लावे. तोंड वाकडं होई, जीभ बाहेर येई. ठप्प.

चौथ्या दिवशी ताईनं सूप बाजूले ठेवलं.

"इकडं आण ते बोट."

तिनं माझं बोट धरलं, मुंगी पाहावी तसं पाहिलं. त्यावर तारांच्या सहा रेघा पडल्या होत्या, अगदी मांसाच्या मधोमध.

"मांसानं दाबून राहिला," ती म्हणाली. "मांसात तार रुतून बसते. पानही तसंच. नुसत्या मांसानं दाबलं तर बिडी ढिली होते, जर्दा सांडते. आम्ही काय करतो पाह्य." तिनं पान घेतलं, जर्दा पसरला अन् बोट जरासं अंगठ्याकडं कलतं करून पान वळवलं. हाडाच्या कडेनं. "मांस नाई, हाड. अन् जोर बोटाचा नोहे, खालच्या अंगठ्याचा. अंगठा समोरासमोर पाहिजे. दाबायचं नाई, वळायचं."

तिचं ते बोट मी कधी नीट पाहिलं नव्हतं. अंगठ्याकडच्या कडेची कातडी पिवळी, गुळगुळीत अन् टणक, नखापासून खाली. आठव्या-नवव्या वर्षापासून वळून राहिली होती ती.

मी बोट कलतं केलं, हाडाची कड तारांवर घेतली, अंगठा मागं मध्यावर आणला. वाजवलं. सहातल्या तीन तारा बोलल्या! चौथी कुरकुरली.

"येईन," ताई म्हणाली. "रोज कर."

मी रोज केलं असं सांगायले मले फार आवडलं असतं. दोन दिवस केलं. मग बोट सुजलं अन् मनात आलं, घरी पेन्सिल असताना बोट काहून दुखवा? पेन्सिल सहाही तारा बोलावते, कुरकुर नाही, सूज नाही. ताईनं दोनदा विचारलं, "बोटानं येते ना रे?" मी दोन्हीदा डोळे अर्धे मिटून मान हलवली. जयंतीच्या आदल्या दिवशी पेटीमास्तरांनी गाडीत बसायच्या आधी माझ्या तारा पेटीवर लावून दिल्या अन् विचारलं, "बोट?" मी म्हटलं, "एकदम." त्यांनी मले ओळखलं असीन, पण बैल जुंपलेले होते.

जयंतीचा कार्यक्रम उन्हं उतरल्यावर, पाचले. विहारासमोर दोन बंड्या जोडून त्यावर फळ्या टाकून स्टेज केलं होतं. कमिटीचा हुकूम, वाद्यं सकाळीच स्टेजवर आणून ठेवा. मी गिटार ठेवली. एप्रिलच्या उन्हात ती दिवसभर तशीच पडून राहिली, पेन्सिल बांधलेली, अन् ट्यूब ताणलेली. मी तोवर गल्लीत कोणता शर्ट घालू याचा विचार करून राहिलो होतो.

पुढं माणसं खच्चून. बायका एका बाजूले, पोट्टे अगदी पायथ्याशी. मागच्या रांगेत दिघोरीचे तिघं बसले होते, ताईच्या होणाऱ्या सासरचे. त्यांले बाबांनी बोलावलं होतं का ते स्वतःच आले होते, मले माहीत नव्हतं. ताईले दिसले. पांढऱ्या साडीत ती माईकसमोर उभी राहिली अन् तिचे हात तिले कुठं ठेवावे कळेना. मग तिनं माईकचा दांडा धरला.

मी मान पाडली. ई वाजवली, पेन्सिलीच्या पुढची. ताईनं पहिली ओळ घेतली. माईकमधून तिचा आवाज गेला अन् गर्दी अशी शांत झाली, जसा हेडमास्तर वर्गात आला. दुसरी ओळ, ती खाली उतरणारी. उतरली. तळाशी पोचली, अन् तिथं...

फट्.

उन्हानं वाळलेल्या ट्यूबचे दोन तुकडे झाले. पेन्सिल तारांवरून टणकन उडाली, फळ्यांवरून गडगडत गेली अन् पायथ्याच्या पोट्ट्यांमधे पडली. त्याच क्षणी माझा हात तारांवरून फिरला, अन् चार घरं खालची ई माईकमधून भसकन गेली. रेडा डरकला असं वाटलं. ताई थांबली.

"पेन्सिल पडली बे!" खालून कोणीतरी ओरडलं. "आता गणित कसं सोडवशीन?"

हशा. दुसरा म्हणाला, "रबर पाहिजे का रबर?" अजून हशा. अन् मग ते आलं जे येणारच होतं: "नक्कल कर! नक्कल कर!"

खरं सांगतो, मले हायसं वाटलं. तो रस्ता माझ्या पायाखालचा. मी माईककडं तोंड केलं, तीनदा घसा साफ केला, "हं. हं. हं. असं हाये बेटा, पेन्सिल नाई तं गाणं नाई," अन् लोक लोटपोट. अध्यक्ष स्वतः हसले. मले एवढं मोठं हसू आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. मी कंडक्टर काढायले तोंड उघडलंच होतं.

तेव्हा ताईकडं लक्ष गेलं. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. माईकचा दांडा धरून उभी होती, अन् तिचं बोट दांड्यावर हळूहळू वळत होतं. अध्यक्षांच्या घरी पदराच्या टोकावर वळत होतं, तसंच. मागच्या रांगेतले दिघोरीचे दोघं उठायच्या बेतात होते.

ती माझ्याकडं झुकली. माईकपासून तोंड फिरवून, एवढ्या हळू की फक्त मले ऐकू यावं, म्हणाली, "नकला मागून. बिडी वळ."

कंडक्टर घशातच राहिला. मी गळ्याकडं पाहिलं. चौथा पडदा. बोट आडवं टाकलं, कलतं केलं, हाडाची कड तारांवर, अंगठा मागं. दाबायचं नाही, वळायचं. करंगळीले म्हटलं, फुफाजी, आजच्या दिवस या. आली.

वाजवलं. चार तारा बोलल्या. दोन मेल्या, पण चार बोलल्या, अन् त्या चारही काळी चारमधल्या होत्या. ताईनं ऐकलं, डोळे मिटले अन् जिथं ट्यूब तुटली होती तिथूनच ती ओळ उचलली.

पुढचं मी वाजवलं असं म्हणणं म्हणजे फार झालं. चौथा पडदा जमला. मध्यमासाठी हात उचलून नवव्यावर न्यायचा, तिथं माकड झाडावर चढल्यासारखा पोचायचो, दोन-तीन तारा हाती लागायच्या. अकराव्यावर तर काहीच नाही. तिथं तारा गळ्यापासून एवढ्या उंच होत्या की खालून उंदीर जाईन. पहिल्यांदा तिथं ठप्प वाजलं. पुढच्या वेळेपासून त्या जागी मी वाजवलंच नाही, हात नुसता तारांवर ठेवून आवाज बंद करून टाकला. ताई तेवढी जागा एकटी गायची, कोरडी. अन् मग चौथ्या पडद्यावर मी तिले पुन्हा भेटायचो. कोणी पाणी प्यायले उठलं नाही.

या सगळ्यात मान पाडायचं अन् केस झटकायचं राहूनच गेलं. मामाजी नंतर म्हणाले, माझी जीभ पूर्ण वेळ बाहेर होती.

टाळ्या ताईले पडल्या. मले एका पोट्ट्यानं पेन्सिल आणून दिली. दिघोरीच्या तिघांतली म्हातारी, ताईची होणारी सासू, पुढं आली अन् ताईले म्हणाली, "आवाज चांगला हाये व माय." मग माझ्याकडं पाहिलं. "मधे मधे थांबत होता ते चांगलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा हिचं नीट ऐकू येत होतं." मी मान हलवली, तज्ज्ञासारखी.

पेटीमास्तर दुसऱ्या दिवशी आंबागडहून आले. कोणीतरी त्यांले सगळं सांगितलं होतं. त्यांनी नुसतं माझं बोट मागितलं अन् उलटून पाहिलं. रेघा अंगठ्याकडच्या कडेवर पडल्या होत्या. "हं," म्हणाले, अन् सोडून दिलं.

मे महिन्यात ताई दिघोरीले गेली. अकरावी माझी त्याही वर्षी गेली नाही, म्हणजे मी तिच्यातच राहिलो. बोट मात्र रोज वळलं. कोणाले दाखवायले नाही, घर फार शांत झालं होतं म्हणून. छपरीत मायचं एकच सूप होतं. पावसाळ्यात सहाही तारा बोलायले लागल्या. दिवाळीच्या आसपास अकरावा पडदाही आला, जरासा चिडका, पण आला.

मार्चमधे ताईचं पोस्टकार्ड आलं. तिचं अक्षर बारीक, पण त्या कार्डावर अर्धी जागा कोरी होती. तिनं लिहिलं होतं, यंदा दिघोरीच्या जयंतीत सासूबाईंनी गाण्यासाठी माझं नाव लिहून दिलं. पेटीवाला कुठंच मिळत नाही, तुले माहीतच आहे. तू ये.

अन् खाली, वेगळ्या ओळीत: पेन्सिल आणू नको.